शिंक आली की लघवी का सुटते?

शिंक येते नाकातून. मग त्याच क्षणी लघवीचे चार थेंब का सुटावेत? बाळंतपण झालेल्या असंख्य बायकांना हा अनुभव आहे. खोकल्याची उबळ आली की त्या पायावर पाय घट्ट दाबून उभ्या राहतात. मोठ्याने हसणं टाळतात, लेकीसोबत दोरीवरच्या उड्या मारत नाहीत, एसटीचा लांबचा प्रवास असला की सकाळपासून पाणी पीत नाहीत. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "पोरं झाल्यावर हे व्हायचंच, त्याला काही इलाज नाही."

या उत्तराचा पहिला भाग बराचसा खरा आहे. बाळंतपणानंतर साधारण तीनपैकी एका बाईचा लघवीवर पूर्ण ताबा राहत नाही, आणि दहापैकी एकीपर्यंत बायकांचा शौचावरचा ताबाही सैल होतो. दुसरा भाग मात्र चुकीचा आहे. इलाज आहे. बहुतेक वेळा त्याला ना गोळी लागते ना शस्त्रक्रिया. मात्र तो समजून घ्यायचा, तर आधी शरीराच्या एका कधीच न दिसणाऱ्या भागाची ओळख करून घ्यावी लागते.

पोटाच्या तळाशी बांधलेली झोळी

कमरेखाली हाडांचं एक कडं असतं. ओटीपोटाच्या अगदी खाली पुढे हाताला लागतं ते जघनास्थी, मागच्या टोकाला माकडहाड, आणि पाटावर बसताना टेकतात ती दोन्ही बाजूंची हाडं. हे कडं खालून उघडं आहे, आणि ही उघडी जागा स्नायूंनी झाकलेली असते. घरात तान्ह्या बाळासाठी बांधतात ती झोळी डोळ्यांसमोर आणा. तसेच हे स्नायू जघनास्थीपासून माकडहाडापर्यंत ताणून बांधलेले असतात. मूत्राशय, गर्भाशयाची पिशवी आणि आतड्याचा शेवटचा भाग यांचा भार ते पेलतात. डॉक्टर या सगळ्या भागाला पेल्विक फ्लोअर म्हणतात. आपण त्याला तळाचे स्नायू म्हणू.

या झोळीला मधोमध तीन वाटा आहेत: मूत्रमार्ग, योनीमार्ग आणि गुदमार्ग. त्यामुळे तिचं काम नुसतं पेलण्यावर भागत नाही. वाटा दिवसभर बंद ठेवायच्या, आणि लघवी, शौच, शरीरसंबंध किंवा प्रसूती यांच्या वेळी त्या मोकळ्याही करायच्या. हे मोकळं करण्याचं काम आपण हमखास विसरतो, आणि बराच घोटाळा तिथेच होतो.

या स्नायूंतले बहुतेक तंतू संथ जातीचे असतात. उभं असताना, चालताना, स्वयंपाक करताना ते न थकता थोडासा ताण धरून ठेवतात. उरलेले चपळ असतात, क्षणात आवळले जातात. शिंकेच्या वेळी कामाला येतात ते हे चपळ तंतू. व्यायामात सावकाश धरून ठेवण्याचा एक प्रकार आणि झटपट आवळून सोडण्याचा दुसरा का असतो, ते यावरून लक्षात येईल.

दाब येतो कुठून आणि जातो कुठे?

पोट ही सगळीकडून बंद असलेली जागा आहे. वर श्वासपटल, पुढे आणि बाजूंना पोटाचे स्नायू, मागे कणा आणि त्याचे स्नायू, खाली हा तळ. श्वास घेतला की श्वासपटल खाली सरकतं आणि त्याबरोबर तळही किंचित खाली येतो. श्वास सोडला की दोन्ही वर जातात. दिवसभर ही जोडी संगतीने हलत असते.

शिंकताना पोटाचे स्नायू झटक्याने आवळले जातात आणि आतला दाब एकदम वाढतो. हा दाब भरलेल्या मूत्राशयावरही पडतो. निरोगी शरीरात शिंकेच्या निमिषभर आधी तळाचे स्नायू आपोआप आवळलेले असतात. मूत्रमार्ग तळाच्या घट्ट थरावर टेकलेला असतो. वरून दाब आला की तो या थरावर दाबला जाऊन मिटतो. म्हणजे जो दाब लघवी बाहेर ढकलतो, तोच वाट बंदही करतो. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे जॉन डीलान्सी यांनी १९९४ मध्ये ही रचना मांडली. खालचा थर सैल असेल तर मूत्रमार्ग दाबला न जाता थरासकट खाली जातो, वाट अर्धवट उघडी राहते आणि थेंब सुटतात.

डीलान्सी यांच्याच गटाने १९९८ मध्ये एक साधी गोष्ट करून पाहिली. खोकण्याच्या क्षणभर आधी तळ जाणीवपूर्वक आवळायला बायकांना शिकवलं. आठवड्याभरातच खोकल्यासोबत होणारी गळती लक्षणीय कमी झाली. एका आठवड्यात कुठलाही स्नायू बळकट होत नाही. इथे फक्त वेळ साधली गेली होती. मला या साऱ्या विषयातली ही सर्वात आशादायक गोष्ट वाटते: शरीर विसरलेली सवय पुन्हा शिकतं, आणि ती शिकण्याला वयाची अट नाही. त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय साठीच्या पुढे होतं.

नऊ महिन्यांचं ओझं, काही तासांचा ताण

एरवी गर्भाशयाचं वजन जेमतेम ६०-७० ग्रॅम असतं. दिवस भरत येतात तेव्हा ते एक किलोच्या आसपास जातं. त्यात बाळाचे अडीच-तीन किलो, वारेचा अर्धा किलो आणि गर्भजल धरलं, तर पाचेक किलोंचा भार या झोळीवर येतो आणि तो रात्रंदिवस असतो. त्याच काळात प्रोजेस्टेरॉन, रिलॅक्सिन यांसारखी संप्रेरकं सांधे आणि त्यांना बांधणारे धागे मऊ करतात. वाट मोठी व्हावी म्हणून ते लागतंच, पण त्याने आधारही सैलावतो. म्हणून कित्येकींना पहिला थेंब प्रसूतीआधी, सातव्या-आठव्या महिन्यातच जाणवतो.

प्रसूतीचा ताण याहून वेगळा. बाळाचं डोकं बाहेर येताना हे स्नायू किती ताणले जातात, याचा हिशेब मिशिगनमध्येच २००४ साली संगणकावरच्या प्रतिकृतीवर केला गेला. सर्वात आतले तंतू मूळ लांबीच्या सव्वातीन पट ताणले जातात असं दिसलं. शरीरातला दुसरा कुठलाही स्नायू एवढा ताण घेऊन शाबूत राहिला नसता. गरोदरपणात हे स्नायू त्यासाठी बदललेले असतात, म्हणून बहुतेकींचे ते सावरतात. काहींचे मात्र हाडापासून सुटतात, काहींच्या तळाला संवेदना पुरवणारी नस ताणली जाते. काहींना चीर पडते किंवा द्यावी लागते आणि टाके येतात.

"माझं सिझर झालं, मग मला का?" हा प्रश्न अनेकींना पडतो. सिझेरियनने प्रसूतीच्या काही तासांचा ताण टळतो, नऊ महिन्यांचं ओझं टळत नाही. सिझेरियनने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. त्यातून पोटाच्या स्नायूंवरही गरोदरपणाने परिणाम झालेला असतो. पोटावरून उभे जाणारे दोन स्नायू मधल्या रेषेत एकमेकांपासून दूर सरकतात. एका अभ्यासात ३५व्या आठवड्यात तपासलेल्या सगळ्याच बायकांमध्ये हे अंतर वाढलेलं आढळलं. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी ते सुमारे ३९ टक्के बायकांमध्ये उरलं होतं. पोट सुटलंय म्हणून बाळंतीण उठाबशा आणि पोटाचे कठीण व्यायाम सुरू करते, तेव्हा आतला दाब या अर्धवट सावरलेल्या तळावर जातो. घाई नडते ती इथे.

केगल यांच्या पद्धतीतलं जे हरवलं

१९४८ मध्ये लॉस एंजेलिसचे स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नॉल्ड केगल यांनी या स्नायूंच्या व्यायामावर निबंध प्रसिद्ध केला. आज 'केगल' हे नाव मोबाईलवरच्या प्रत्येक आरोग्यविषयक व्हिडिओत असतं: आवळा, दहा मोजा, सोडा. केगल यांची मूळ पद्धत एवढ्यावर थांबत नव्हती. ते आधी तपासून योग्य स्नायू कोणता, हे बाईला कळेल असं पाहत. मग त्यांनी बनवलेलं पेरिनिओमीटर नावाचं उपकरण देत. योनीमार्गात ठेवलेल्या नळीवर दाब पडला की जोडलेल्या तबकडीवरचा काटा हले. स्नायू बरोबर आवळला की नाही, ते बाईला स्वतःच्या डोळ्यांनी दिसे.

ही खात्री करून घेणं मागे पडलं आणि नुसती सूचना उरली. तिचं काय होतं, हे संशोधक रिचर्ड बम्प यांनी १९९१ मध्ये दाखवलं. थोडक्यात तोंडी सूचना दिलेल्या ४७ बायकांपैकी निम्म्यांनाच स्नायू नीट आवळता आला, आणि चौथा हिस्सा बायका असं काही करत होत्या की ज्याने गळती वाढण्याचीच शक्यता होती. त्या वर उचलण्याऐवजी खाली जोर देत होत्या. "मी केगल केले, काही उपयोग झाला नाही" असं एखादी सांगते तेव्हा ती आळशी नसते. तिला कुणी तपासून शिकवलेलं नसतं, एवढंच.

फिजिओथेरपिस्टच्या खोलीत

पहिली भेट बहुतांशी बोलण्यात जाते. दिवसातून किती वेळा लघवीला जाता, रात्री उठावं लागतं का, घराचं कुलूप उघडेपर्यंत कळ धरवते का, शौचाला जोर करावा लागतो का, खाली काही उतरल्यासारखं, जड वाटतं का, शरीरसंबंधात दुखतं का. दोन-तीन दिवस पाणी आणि लघवीची नोंद ठेवायला सांगतात. मग श्वास, उभं राहण्याची ढब, पोटाच्या स्नायूंमधलं अंतर पाहतात. आतून तपासणी करायची तर बाईची संमती घेऊन, हातमोजा घालून, एका बोटाने. नको असेल तर नाही म्हणता येतं. तेव्हा बाहेरून पाहून किंवा पोटावरून सोनोग्राफी करूनही बरंच कळतं.

आता नेहमी दिसणारं चित्र पाहा. बाई गुडघे दुमडून पाठीवर निजली आहे. "आवळा" म्हटल्याबरोबर तिचा श्वास थांबतो, खांदे वर येतात, मांड्या एकमेकींवर दाबल्या जातात, कुल्ले घट्ट होतात आणि पोट दगडासारखं होतं. ज्याने हलायचं, तो स्नायू तेवढा तसाच असतो. फिजिओथेरपिस्ट म्हणते, "ताई, आधी श्वास सोडा. मांड्या सैल. आता वायू अडवायचा आहे असं समजा. त्याच वेळी लघवीची धारही थांबवायची आहे. पुढे-मागे दोन्हीकडून मिटायचं आणि आत, वर उचलायचं." दोन-चार वेळा चुकतं. मग एकदा जमतं, अगदी हलकं, आणि बाईच्याच चेहऱ्यावर आश्चर्य उमटतं. स्नायूची ताकद शून्य ते पाच अशी मोजतात. एकवर असलेलीलाही पुढे जाता येतं.

मग तिच्या ताकदीप्रमाणे व्यायाम ठरतो. ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक तत्त्वांत दिवसातून तीनदा, दर वेळी किमान आठ आकुंचनं, आणि हे देखरेखीखाली किमान तीन महिने, असा सल्ला आहे. सुरुवातीला तीन सेकंद धरणं पुरे. वाढवत दहापर्यंत न्यायचं. दोन आकुंचनांच्या मध्ये तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचं. शेवटी काही झटपट आकुंचनं. आधी निजून, मग बसून, मग उभं राहून, आणि अखेरीस बाळाला उचलताना, पाण्याची बादली उचलताना. प्रत्यक्ष लघवी करताना धार अडवून हा व्यायाम करू नये. त्याने मूत्राशय रिकामं होण्यात अडथळा येतो.

महागडी यंत्रं लागतात का? स्नायूची हालचाल पडद्यावर दाखवणारं बायोफीडबॅक यंत्र नेमून दिलेल्या व्यायामाच्या जोडीला दिलं, तर फायदा वाढतो का, हे ब्रिटनमध्ये ६०० बायकांवर तपासलं गेलं. २०२० मध्ये निष्कर्ष आला: दोन वर्षांनंतर दोन्ही गटांत फरक नव्हता. काहींना यंत्राने समजायला मदत होते, पण गावात यंत्र नाही म्हणून उपचार अडत नाही. शिकवणारं जाणकार माणूस मात्र लागतंच.

ज्यांना योगासनांची सवय आहे त्यांना मूलबंधाशी याचं साम्य जाणवेल. स्नायू बराचसा तोच आहे. फक्त इथे श्वास रोखून धरायचा नाही.

सोडणंही शिकावं लागतं

तळ नेहमी सैलच असतो असं नाही. टाक्यांच्या दुखण्याने, भीतीने, किंवा लघवी सुटेल या धास्तीने दिवसभर आवळून धरल्याने काहींचा तळ कायम ताठ राहतो. अशा स्नायूला आणखी आवळायला सांगितलं तर दुखणं वाढतं. संबंधाच्या वेळी वेदना, लघवी अडखळत होणं, बद्धकोष्ठ ही त्याची खूण असू शकते. त्यात स्तनपानाच्या काळात इस्ट्रोजेन कमी असतं, योनीमार्ग कोरडा पडतो. या बायकांना आधी खोल श्वास, हलका दाब आणि सैल सोडण्याचे व्यायाम दिले जातात. आपल्याला कोणता व्यायाम हवा, हे व्हिडिओ पाहून ठरवता येत नाही ते यामुळेच.

शौचाचंही तेच. गुदमार्गाला मागून कवेत घेणारा एक स्नायू त्याला पुढे ओढून कोन करून ठेवतो, म्हणून एरवी ताबा राहतो. उकिडवं बसलं की तो सैलावतो आणि वाट सरळ होते. कमोडवर बसणाऱ्यांनी पायाखाली छोटं स्टूल घ्यावं, म्हणजे गुडघे वर येतात. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची काही घरांत रीत आहे. त्याने खडा धरतो, जोर करावा लागतो आणि ताज्या टाक्यांवर, सैल तळावर ताण येतो. डिंक-मेथीचे लाडू खुशाल द्या, पण भाजी आणि तहानेपुरतं पाणीही द्या. पोट बांधायचंच तर आधारापुरतं बांधा. करकचून आवळलं की आतला दाब खालीच उतरणार.

चौकट: वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा
• बाळंतपणानंतर सहा तास उलटूनही लघवी न होणे
• तासाभरात पॅड पूर्ण भिजेल एवढा रक्तस्राव, ताप, दुर्गंधीयुक्त स्राव
• शौच किंवा वायूवर अचानक ताबा न राहणे
• मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे
• योनीमार्गातून गोळा बाहेर आलेला दिसणे
• गरोदरपणात रक्तस्राव, वार खाली असणे किंवा अकाली कळांचा धोका असेल, तर आतून तपासणी नको आणि व्यायाम डॉक्टरांना विचारूनच

सुरुवात कधी करावी?

खरी वेळ गरोदरपणातली आहे. गळती नसलेल्या ज्या बायकांनी गरोदरपणात लवकर हे व्यायाम सुरू केले, त्यांच्यात शेवटच्या महिन्यांत गळतीचं प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी होतं, आणि बाळंतपणानंतर तीन ते सहा महिन्यांनी २९ टक्क्यांनी कमी, असं अनेक चाचण्यांच्या २०२० मधल्या एकत्रित आढाव्यात दिसलं. पहिलटकरणीने शेवटच्या पाच-सहा आठवड्यांत योनीमुखाच्या खालच्या भागाला मालिश केली, तर टाके पडण्याची शक्यता कमी होते. तेही आधी शिकून घ्यावं.

बाळंतपणानंतर, लघवीची नळी घातली असेल तर ती काढून लघवी नीट होऊ लागली की हलकी आकुंचनं सुरू करता येतात. मोठी चीर गेली असेल तर आधी विचारावं. पहिले सहा महिने सर्वात जास्त भरून येण्याचे असतात. धावणं, उड्या मारणं किमान तीन महिने लांबवावं. आणि पंधरा वर्षं उलटली असली तरी वेळ गेलेली नाही. 'अंग बाहेर येणं' सुरू झालेल्या बायकांनाही नेमून दिलेल्या व्यायामाने त्रास कमी झाल्याचं २०१४ मध्ये ४४७ बायकांवरच्या चाचणीत सिद्ध झालं आहे. जास्त उतरलं असेल तर योनीमार्गात बसवायची आधाराची रिंग (पेसरी) किंवा शस्त्रक्रिया लागते. पण पिशवी काढण्याचा निर्णय घेण्याआधी हे मार्ग विचारून घेण्याचा हक्क प्रत्येक बाईला आहे.

विचारणार कोण?

१९८९ मध्ये डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोगाचा त्रास होता, आणि त्याआधी कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. तेव्हापासून दवाखान्यातली बाळंतपणं खूप वाढली. 'खाली' काय होतं, याबद्दल न बोलण्याची सवय मात्र अजून सुटलेली नाही. फ्रान्समध्ये बाळंतपणानंतर तळाच्या व्यायामाची साधारण दहा सत्रं सरकारी विम्यातून मिळतात. आपल्याकडे ते नाही, पण माणसं आहेत. आशाताई बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. फिजिओथेरपीचं शिक्षणही देशात मुंबईच्या केईएम रुग्णालयातच सुरू झालं, त्याला सत्तर वर्षं होऊन गेली. या यादीत फक्त एका प्रश्नाची भर हवी: "लघवी किंवा शौच नकळत सुटतं का?" तो प्रत्येक तपासणीत विचारला जावा, अशी मागणी आपण करायला हवी.

तोवर तुम्हीच विचारा. सहाव्या आठवड्याच्या लसीसाठी बाळाला घेऊन दवाखान्यात जाणं होणारच आहे. त्या दिवशी डॉक्टरांना स्वतःचाही त्रास सांगा, आणि स्त्रियांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टसाठी चिठ्ठी मागून घ्या.